गुरव नाइकांच्या पलंगावर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगायला कितीदा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी चहा मागितला. आता तुम्ही समोर आहात — बसा थोडे.

नव्वदीच्या दशकात मी लखनौच्या एका लष्करी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट होतो. म्हणजे नर्सच, हुद्दा साध्या शिपायाचा — पण गावाकडे 'डॉक्टरांच्या हाताखाली आहे' असं सांगायचो. (ते खोटं वेगळं, ते यात धरत नाही.) पोरवय होतं. घरची आठवण अशी यायची की थर्मामीटरचे आकडे पुसट दिसत.

वॉर्डात गुरव नाईक होते — नाईक हा हुद्दा, शिपायाच्या वरचा — आमच्या कोल्हापूरकडचे. काश्मीरमध्ये गुडघ्यात गोळी लागलेली, पाय वाकत नव्हता. त्यांना घरी पाठवायचं की बैठं काम देऊन नोकरीत ठेवायचं, हे ठरायचं होतं. त्यांना राहायचं होतं.

"सुट्टीवर आलेला गुरव सगळ्यांना आवडतो रे," ते म्हणायचे. "कायमचा आला की घरचं कुत्रंसुद्धा भुंकतंय."

आणि जनरलसाहेब जखमींना भेटायला येणार होते. अशा वेळी साहेब प्रत्येकाला विचारतात, काय हवंय? जवानाने पडल्या पडल्या सावधान होऊन उत्तर द्यायचं. नाइकांनी वाक्य घोकलं — "श्रीमान, मैं बैठकर भी नौकरी कर सकता हूँ." ड्रेसिंग करताना मी जनरल व्हायचो, ते सावधान व्हायचे.

आदल्या संध्याकाळी त्यांना आंबे खावेसे वाटले. सिस्टरची सक्त मनाई. पण आपल्याकडच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मलिहाबादचे दशहरी आणले, पिशवी भरून. सकाळी साहेबांच्या गाड्या फाटकातून आत आल्या, तेव्हा नाईक संडासात होते — आणि निघायची चिन्हं नव्हती.

वॉर्डमास्टर तिवारी हवलदार रिकामा पलंग बघून पांढरे पडले. मग माझ्याकडे वळले. "लेट जाइए, जनाब. या निमंत्रण भेजूँ?"

मी झोपलो. चादर हनुवटीपर्यंत. आमचे डॉक्टर रजेवर, पाहुण्यांपैकी मला कुणी ओळखत नव्हतं. मी मनात ठरवलं, नाइकांचं वाक्य आपणच म्हणायचं. मला ते त्यांच्यापेक्षा पाठ होतं!

जनरलसाहेब वाकले. "क्या चाहिए, बेटा?"

बेटा. मला कुणी बेटा म्हणून किती महिने झाले होते? सगळे 'अबे' म्हणायचे. आणि मग — कसं सांगू — माझ्या तोंडून माझंच उत्तर बाहेर पडलं.

"घर जाना है, साहब."

वर रडलो. साहेबांनी माझ्या ठणठणीत गुडघ्यावर हात ठेवला, तर मी विव्हळलोसुद्धा. त्यांचे डोळे भरून आले. "इसे जल्दी घर भेजिए," ते सोबतच्या कर्नलना म्हणाले.

तेव्हाच उठून खरं सांगता आलं असतं. संध्याकाळीही आलं असतं. तिवारींनी सगळं ऐकलं होतं — पण झोपवलं त्यांनीच, म्हणून तेही गप्प. नाईक कुबडीवर भिंत धरत आले. "विचारलं का रे?"

"तुमचं वाक्य सांगितलं, दादा. शब्दन् शब्द."

त्यांनी उरलेला आंबा मला दिला. मी खाल्ला. गोड होता.

नाइकांना घरी पाठवायचे कागद इतक्या लवकर आले की अख्ख्या वॉर्डाला हेवा वाटला. कदाचित डॉक्टरांनी तसंही — नाही, ते राहू द्या.

चारबाग स्टेशनवर मी त्यांची ट्रंक चढवली. माझं तोंड बघून तेच माझी समजूत घालायला लागले. "तू सांगितलंस ना? मग तुझा काय दोष? साहेबांना पटलं नसेल."

गाडी हलली. दारात कुबडी टेकवून त्यांनी पाय जुळवायचा प्रयत्न केला, आणि मला — साध्या शिपायाला, एका नाइकाने — कडक सॅल्यूट ठोकला.

मी तो घेतला.