साठ फूट तार आणि आमची आक्का

हसणार नसाल तर सांगतो. घोळ माझ्याच हातून झालाय, आणि तोही अख्ख्या गल्लीसमोर!

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बेळगावात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी बोरगावला घरी आलो होतो. आमचे आबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. त्यांचा पोरगा डिप्लोमा झाला, म्हणजे काय विचारता! माझं सर्टिफिकेट त्यांनी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा दाखवलं होतं.

त्यातच आमच्या बौद्ध गल्लीनं स्वतः राबून वाचनालय बांधलं. उद्घाटनाला निपाणीचे एक प्रोफेसर येणार. पण संध्याकाळी करंट जाणार, हे ठरलेलंच! आबा बैठकीत उभे राहिले. "आमचा बाळू काढंल की उजेड! डिप्लोमा कशाला केलाय?"

झालं! ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी आणि मोटारीचे चार बल्ब जमवले. गल्ली अरुंद, त्यामुळे ट्रॅक्टर रस्त्यावर. तिथून स्टेज साठ फूट. बॅटरी काढून जवळ आणता आली असती. पण लांबवर तार ओढली नाही तर इंजिनिअर कसला?

आता बारा व्होल्टात एक मेख असते. तार लांबली की ती वाटेतच विजेचा दाब खाते. मी तारेची लांबी, जाडी, करंट सगळं मांडलं. दोन व्होल्ट वाटेत जातील, उरलेले दहा व्होल्ट दिव्यांना मिळतील. फक्कड! तो कागद आबांनी गल्लीभर फिरवला.

सर भाषणाला उभे राहिले आणि करंट गेला. मी ऐटीत बटण दाबलं.

चारही बल्ब असे पेटले, जणू त्यांना कावीळ झालीय! सर भाषणाचा कागद नाकाला लावून वाचू लागले.

"उजेड कमी हाय न्हवं?" मागून कुणीतरी बोललं.

"मुद्दाम ठेवलाय!" आबा ठणकावून म्हणाले. "डोळ्यास्नी तरास नको!"

मी स्टेजमागं घामाघूम. सगळे जोड तपासले, हिशेबाचा कागद दहादा वाचला. तेवढ्यात माझी थोरली बहीण आली. चौथीत शाळा सुटलेली आक्का.

"काय झालं रं?"

"कळंना गं. साठ फूट धरलंय, हिशेब बरोबर हाय."

"मग तारा दोन कशाला?"

"एकीतनं वीज जाती, दुसरीतनं परत येती."

"जायची वाट साठ, यायची साठ. यायची कुठं धरलीस?"

माझं तोंड उघडंच! एकशेवीस फूट! म्हणजे दोन नव्हे, चार व्होल्ट वाटेतच गडप!

"आता जाड तार कुठनं आणू गं?"

"तार कशाला? बॅटरीच हिकडं आण की!"

शेजारी उभं राहून सगळं ऐकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं आणि मी बॅटरी उचलून स्टेजमागं ठेवली, तार तोडून दहा फूट केली. दिवे असे लखलखले की सरांनी डोळ्यांवर हात धरला. टाळ्यांचा कडकडाट! आबा खुर्चीवर चढून ओरडले, "हिशेब आमच्या बाळूचा!"

आणि मी? मी निर्लज्जासारखा वाकून नमस्कार केला. पण खरं सांगू? त्या उजेडात पहिल्या रांगेत बसलेल्या आक्काकडं बघून माझीच छाती फुगली होती.

आठवड्यानं शेजारच्या गल्लीतली मंडळी लग्नाच्या दिव्यांसाठी घरी आली. मी कागद-पेन घेऊन रुबाबात बाहेर आलो.

"बसा, इंजिनिअरसाब, बसा," ते म्हणाले. "आक्का हाय व्हय घरात?"