आबांच्या खुब्यातला थर

शिरवळच्या कारखान्यात माझं काम एकच: लोखंडी भागांवर चढवलेला रंगाचा थर टिकेल का, ते बघायचं. थरावर ब्लेडनं चौकडीच्या रेघा ओढायच्या, वर चिकटपट्टी दाबायची आणि खसकन उपटायची. पट्टीला रंग आला की माल परत. पुरवठादार कितीही गोड बोलू दे, मी पट्टीचं ऐकतो. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला, आणि हे सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

त्यामुळं सांगलीच्या डॉक्टरांनी आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, झिजलेल्या खुब्यात नवा सांधा बसवायचं ठरवलं तेव्हा मी आधी विचारलं, "चिकटवणार कशानं?"

"चिकटवायचा नाहीच. सांध्याची जी दांडी मांडीच्या हाडात जाते, तिच्यावर हाडात असतो तसल्याच क्षाराचा थर असतो. हाड तिला आपली समजून धरतं."

"आणि थराचं काय होतं?"

"तो हळूहळू विरघळतो. तोवर खालच्या खरबरीत धातूवर हाडाची पकड बसलेली असते."

विरघळतो! आमच्याकडं असला थर भंगारात जातो. मी म्हणालो, "दांडीचा डबा उघडा, एका कडेला पट्टी लावून बघतो."

डॉक्टर हसले. "तुमचा हात लागला की ती दांडी बाद. डबा थेट ऑपरेशनच्या टेबलावरच उघडतात."

म्हणजे माल न बघताच घ्यायचा. माझा संशय आणखी वाढला. बाहेर बाकड्यावर आबांना सगळं सांगितलं.

"शिमीट बी न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "दारातल्या पायरीला लागतं, अन् मला न्हाई?" मग खुबा चोळत म्हणाले, "तू शिकलायस. तू म्हनशील तसं. पर दसऱ्यानंतर मेंढरं घिऊन भायेर पडाया पायजे. मी बसलो तर कळप इकावा लागंल."

कळपासाठी मी हो म्हणालो. माझा विश्वास बसला नव्हता.

ऑपरेशन झालं. हाड धरेपर्यंत पायावर पुरता भार द्यायचा नव्हता. आबा वॉकर घेऊन अंगणात फिरायचे, आणि मी सुट्टीला गेलो की त्यांच्या मागं मागं.

"आवं, मांडी दुखती का? आत काय हलल्यासारखं वाटतंय?"

"गड्या, तू माल तपासतोयस का बाप?"

फेरतपासणीला डॉक्टर म्हणाले, "झकास. आता पूर्ण वजन टाका."

आबांनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "टाकू का रं?"

मी ऑपरेशननंतरचा आणि आजचा असे दोन्ही एक्स-रे उजेडावर शेजारी शेजारी लावायला लावले. दांडी सुटली तर तिच्या नि हाडाच्या मध्ये काळी रेघ दिसते, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. वरपासून खालपर्यंत रेघ शोधली. दांडी खाली सरकलीय का, तेही बघितलं. दुसऱ्याच कुणाचा एक्स-रे नको, म्हणून नावही वाचलं. नाव आबांचंच होतं. रेघ नव्हती.

"टाका," मी म्हणालो.

आबांनी वॉकर बाजूला सारला, पाऊल टेकवलं आणि थांबले.

"मग माझा सदरा कशाला धरलायस?"

मी सोडला. ते दाराकडं निघाले, नि मी त्यांच्या टाचेकडं बघत मागून गेलो.