ठासणीच्या रायफलीतली सैल गोळी

फेब्रुवारी २००९, रविवार. सकाळी साडेसातला मी शस्त्रखोलीत रायफलींचे नंबर रजिस्टरशी ताडून पाहत होते, तेव्हा फोन वाजला. तिथून सुरू झालेलं ते प्रकरण माझ्या मनात अजून मिटलेलं नाही.

महाराष्ट्र पोलिसांतून मी निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. नवऱ्याची नोकरी दुबईत. मला अल ऐनच्या रस्त्यावरच्या एका नेमबाजी क्लबात सुरक्षाप्रमुखाचं काम मिळालं. मंदी आली आणि आठवड्याला एक माणूस कमी होऊ लागला.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलला. "मॅडम, लंबी गोली बाहर बिक रही है. स्टोअरवाले चाचा से पूछो." नाव विचारायच्या आत त्याने फोन ठेवला.

क्लबाकडे नव्या पद्धतीच्या चार ठासणीच्या रायफली होत्या. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासायची, बाकी सगळं आधुनिक, गोळीसुद्धा लांबट. पंधरा दिवसांपासून त्यांचा नेम पार बिघडला होता. सभासदांच्या गोळ्या लक्ष्याच्या कागदालाही लागत नव्हत्या. त्या भरून देण्याचं काम स्टोअरकीपर चाचांचं. रत्नागिरीकडचे, बावीस वर्षं आखातात. मुलगी बारावीला, परीक्षा मार्चमध्ये. नोकरी जाऊन व्हिसा रद्द झाला तर परीक्षेआधीच सगळं कुटुंब परत.

मॅनेजर मुंबईचा, तरुण. तो म्हणाला, "मॅडम, मला या आठवड्यात कपातीसाठी एक नाव द्यायचंच आहे. चोर सापडला तर बरंच. प्रकरण आजच मिटवून टाका."

चाचांना मी पोलीस ठाण्याच्या पद्धतीने समोर बसवलं, पाणी दिलं आणि गप्प राहिले. गप्प राहिलं की माणूस स्वतःहून बोलतो. चाचा बोलले नाहीत. शेवटी मीच विचारलं.

"लांब गोळ्या कुठे जातात, चाचा?"

"कुठे जाणार? कपाटात आहेत."

"मोजू?"

"मोजा की. तुमचंच काम ते."

मोजल्या. पंधरा दिवसांपूर्वी आलेल्या नव्या लॉटमधला एकच डबा फोडलेला, त्यातल्या फक्त सहा गेलेल्या. पंधरा दिवस रोज गोळीबार चालू आणि सहाच गोळ्या? म्हणजे चोरी नव्हती; फोन करणारा खोटं बोलला होता, आणि तो कोण ते मला कधीच कळलं नाही. मग रायफलीतून उडत काय होतं? मी उठून रेंजवर गेले. उभं राहायच्या जागेपुढे वाळूत कापडाचे जळके तुकडे पडले होते, निळ्या चौकड्यांचे. आणून टेबलावर ठेवले.

"ही लुंगी कोणाची?"

"माझीच. बायको अजून शोधतेय."

"आणि गोळी?"

"गोल. शोभेच्या जुन्या बंदुकीसाठी आणलेल्या होत्या ना, त्या. फडक्यात गुंडाळून. आमच्या गावी रानडुकरांना हेच चालतं."

"डुक्कर तक्रार करत नाही, चाचा."

गावच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. या रायफलीच्या नळीत घट्ट पिळाचे आटे होते. असा पीळ लांब गोळीसाठी असतो. फडक्यातली गोल गोळी त्यात नीट धरली जात नाही आणि भलतीकडे जाते. पोलिसांच्या शस्त्रागारात हे मी शिकले होते.

"लांब गोळी वापरणं का सोडलंत?"

चाचांनी एक रिकामी रायफल घेतली, लांब गोळी गजाने तळापर्यंत ढकलली आणि नळी खाली केली. गोळी घसरून त्यांच्या तळहातावर आली.

"नवा लॉट सैल आहे. दारूपासून गोळी पुढे सरकली आणि कोणी चाप ओढला, तर नळी फाटते. माणसाचा हात जाईल."

"मग सांगितलं का नाही?"

"कोणाला सांगू? लॉट मॅनेजरसाहेबांनी स्वस्तात घेतला. आणि माल मिळाल्याची सही तुमची आहे, मॅडम."

खरं होतं. मी डबे मोजले होते, उघडले नव्हते.

मॅनेजरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "लॉटचं लिहू नका. चाचांनी न विचारता गोळी बदलली, एवढं पुरे आहे. खोटं तर नाही ना?"

खोटं नव्हतं. म्हणूनच घरी जाताना मला गाडीत स्वस्थ बसवेना. अर्ध्या खऱ्यावर माणूस कसा अडकवतात, हे मी नोकरीत पाहिलं होतं. क्वचित केलंही होतं. गप्प माणूस काहीतरी लपवतो, हे पोलिसाला आधी शिकवतात. ज्याला सांगायचं तोच दोषी असला तरी माणूस गप्पच राहतो, हे मला त्या दिवशी एका स्टोअरकीपरकडून कळलं. चाचांनी निवडलेली गोळी चुकीची होती, पण भीती अगदी बरोबर होती. पुढे त्यांची मुलगी इथेच परीक्षेला बसली आणि काही महिन्यांनी कपातीच्या यादीत माझं नाव आलं. पण त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अहवाल लिहिला. सैल लॉट कोणी घेतला, न तपासता सही कोणी केली, गोल गोळी कोणी भरली, याच क्रमाने. एक प्रत थेट मालकाला पाठवली. मग चाचांना बोलावलं आणि दोघांनी मिळून नव्या लॉटचे सगळे डबे लाल पट्टी लावून सील केले.