हिंगाच्या डबीतला रुपया

गोविंदा सोनार गेल्याची बातमी मला आमगावच्या स्टेशनावरच कळली. मी इथला मालबाबू. धानाच्या पोत्यांच्या चिठ्ठ्या तपासत होतो, तोच त्याचा मुलगा सुखदेव समोर येऊन उभा राहिला. "बाबूजी, बाबा गेले... सकाळी चहा पिऊन राहिले होते, बसल्या बसल्याच..." त्यानं फडक्यात बांधलेली एक डबी माझ्या हातात ठेवली. "तुम्हाले द्यायची म्हणून सांगून ठेवलं होतं." डबी उघडायची गरजच नव्हती. फडक्यातूनच हिंगाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. हमाल बघतच राहिले. म्हणाले असतील, बाबूचं डोकं फिरलं!

मला जुन्या नाण्यांचा नाद, आणि गोविंदाला त्यांचा कान. बाजाराच्या दिवशी तो चिंचेखाली बसायचा, पुढ्यात एक काळा गुळगुळीत दगड. नाणं आणलं की आधी डोळे मिटून ते दगडावर टाकायचं, आवाज ऐकायचा, मगच बघायचं. लढाईच्या दिवसांत निघालेले कमी चांदीचे नवे रुपये बद्द वाजत, त्यांच्याकडे तो वळूनही पाहत नसे. बघायला लागला की मात्र सगळं बघे. अक्षरं किती उतरली, कडा किती झिजली, सराफांनी पारखताना कुठे ठसे मारले. त्याचे दर्जेही त्याचेच, लग्नातले. सर्वांत उत्तम नाणं म्हणजे नवरदेव, त्याखाली करवला, मग वऱ्हाडी, आणि अगदीच गुळगुळीत झालेलं म्हणजे न बोलावता जेवायला आलेला. नवरदेव म्हणायला तो फार चिकट. माझी निम्मी पेटी त्यानं आगंतुकांत काढली होती!

एकदा गोरेगावच्या बाजारात एका पोवार म्हाताऱ्याकडून मला भोसल्यांच्या वेळचा रुपया मिळाला. तव्याच्या बुडासारखा काळा. गोविंदानं तो दगडावर टाकला... खण्ण! डोळे न उघडताच म्हणाला, "बाबू, आज वरात आली." मग बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला आणि मला दम भरला, "याले पाणी लावलंस तर माझ्याशी गाठ आहे. हा मळ नाही, याचं कांबळं आहे. कांबळं काढलं का नवरदेव गेला." मी हवेतच! नागपूरचे एक नाण्यांचे जाणकार दिवाळीनंतर इकडे येणार होते, त्यांना हा रुपया दाखवायचा ठरला. साऱ्या स्टेशनाला मी सांगत सुटलो. सांगितलं नाही ते फक्त घरात. बायकांना काय कळतं, हा माझा शहाणपणा. रुपया कपाटात, धोतराच्या घडीखाली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घरी आलो तर आमची अनसूया दारातच उभी, हात राखेनं माखलेले, तोंडावर नुसता आनंद. "पाहा, कसा चमकून राहिला!" पूजेची चांदी चिंच-राखेनं घासायची रीत. धोतर काढताना तिला रुपया सापडला आणि तिनं मोठ्या मायेनं तोही घासला. मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती तेवढंच म्हणाली, "लक्ष्मीचं तोंड काळं ठेवून पूजा करू काय? तुम्ही मले कधी दाखवला होता?" आणि बोलणं बंद. चार दिवस! फराळाचं ताट समोर येई, त्याबरोबर शब्द येत नसे. रुपयापेक्षा त्या अबोल्याचीच धास्ती वाटायला लागली, पण माघार घेईल तो मी कसला.

पाचव्या दिवशी गोविंदाकडे गेलो. त्यानं रुपया टाकला. खण्ण. मग उन्हात धरला. राखेचे बारीक ओरखडे चहूकडे. "वऱ्हाडी झाला रे," तो हळूच म्हणाला. मी बायकोच्या नावानं सुरू झालो तसा उसळला, "काऊन रे बाबू? तिनं घासला का तुझ्या लपवण्यानं घासला?" तो उठला, पागोटं घातलं आणि सरळ आमच्या घरी. ओसरीवरूनच हाक मारली, "वहिनी! आवाज तसाच आहे बरं. अन् इतके दिवस याची अक्षरं मले अंधारात दिसत होती, आज उजेडात दिसून राहिली." अनसूया हसली... पदराआड, पण हसली. त्याच्यापुढं अनारशांची ताटली ठेवली आणि माझ्याकडे न बघता मलाच विचारलं, "पाणी देऊ काय?" पाण्याचा तो गडू मला अजून आठवतो. नागपूरच्या पाहुण्यांना मी सगळं खरं सांगितलं, तेही पोट धरून हसले.

त्या दिवशी आमच्या घरून निघताना रुपया गोविंदानं कनवटीला लावला. "हिंगाच्या डबीत ठेवतो. हिंगानं चांदी काळी पडते. विकायचा असता तर असं खोटं कांबळं चढवणं पाप होतं. घरी ठेवायचा, मग हे औषध." किती दिवस लागतील, विचारलं तर म्हणे, "घाई कायले?" दर बाजारी रुपया बघायला जायचं ठरलं, आणि आता मी एकटा जात नसे. अनसूया वास घेऊन सांगे, "भाऊजी, अजून वरण शिजलं नाही." आणि तो सात मजली हसे. काळा तो दोन पावसाळ्यांतच झाला होता, हे मला दिसत होतं. पण त्यानं दिला नाही आणि मी मागितला नाही. दर्जाही त्यानं शेवटपर्यंत वाढवला नाही. वऱ्हाडी तो वऱ्हाडीच!

गोविंदाला जाऊन आता सहा महिने झाले. परवा अनसूयेनं दिवाळीसाठी चिंच भिजत घातली. पूजेची चांदी काढली, डबी उघडली आणि थांबली. "यालेही घासू काय?" तिनं विचारलं. म्हटलं, "तू ठरव." तिनं रुपया उंबऱ्याच्या दगडावर टाकला, डोळे मिटून ऐकला, मग नाकाशी धरला. "वास उडून राहिला हो," म्हणाली. मग ती स्वयंपाकघरात गेली, आपल्या मसाल्याच्या डब्यातला हिंगाचा मोठा खडा आणला, रुपयाशेजारी ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.