भावोजींची धूसर अक्षरं

आमच्या मुळगावच्या भावोजींइतका भित्रा माणूस डिचोली तालुक्यात दुसरा नसेल, आणि तालुक्याबाहेर जाऊन शोधायला ते स्वतः घाबरतील. पहाटे पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला तरी ते अंथरुणात दचकून बसतात. गॅसचा सिलिंडर बदलायचा असला की ताईला स्वयंपाकघरात सोडून स्वतः अंगणात उभे राहून सूचना देतात. एकदा केरीहून तेरेखोलला जायचं होतं, तर फेरीबोटीत हे हवा भरलेली स्कूटरची ट्यूब गळ्यात घालून बसले. लोक हसले. "हसतत ते आधी बुडतत," भावोजी मला हळूच म्हणाले. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की त्यावर दहा शंका काढायच्या, हा त्यांचा स्वभाव.

भीती सुटते ती फक्त एका जागी, जत्रेच्या नाटकात विंगेमध्ये. गावच्या नाटकाचे ते प्रॉम्प्टर. संहिता स्वतः टाइप करतात आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. नट अडखळला की यांचा शब्द त्याच्या कानात आलाच म्हणून समजा. गेल्या वर्षी बंगळुरूच्या भाच्याने त्यांना नवा लॅपटॉप पाठवला, फार बारीक ठिपक्यांच्या पडद्याचा. बाकी सगळं त्यावर सुरेख दिसायचं, पण त्यांचा मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम पूर्वीच्या जाड ठिपक्यांच्या हिशेबाने केलेला. त्याला या पडद्यावर मोठं व्हायचं ठाऊकच नव्हतं. "अक्षरां मुंग्यांएवढी दिसतत रे. माझी नजर गेली," भावोजींचा फोन आला. मी पेडण्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तेव्हा घरातली अशी सगळी दुखणी माझ्याकडेच येतात. मी पोचेपर्यंत त्यांनी आंधळेपणाचा सराव सुरू केला होता. डोळे मिटून विहिरीकडे निघाले आणि तुळशीवृंदावनावर आपटून कपाळाला टेंगूळ घेऊन बसले होते.

मी सेटिंगमध्ये जाऊन त्या प्रोग्रामचा आकार सिस्टीमवर सोपवला. अक्षरं मोठी झाली, पण जराशी धूसर. जुना प्रोग्राम असा ताणला की धूसर व्हायचाच, लहान फोटो मोठा केल्यासारखा. तसं समजावल्यावर भावोजींच्या जिवात जीव आला. दोष यंत्राचा निघाला म्हणून त्यांनी मला आग्रहाने दोन वेळा चहा पाजला. पुढे दर महिन्या-दीड महिन्याने फोन यायचा, "अजून थोडी मोठी कर." मी जाऊन आकाराचे टक्के वाढवायचो, ते धूसर म्हणायचे, मी जुन्या प्रोग्रामला शिव्या घालायचो. शेवटी पडद्यावर जेमतेम दोन संवाद मावायला लागले.

जत्रा जवळ आली तेव्हा मी त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती मिळवली. ती पडद्याप्रमाणे आपणहून आकार घेते. अक्षरं इतकी रेखीव उमटली की मीच खूश झालो. भावोजी खुर्चीत बसले, पुढे वाकले, आणखी वाकले. "पयल्यासारखीच धूसर दिसतत," ते म्हणाले. मशीनला द्यायला आता एकही दोष उरला नव्हता. मी उगाच सेटिंग पुन्हा उघडून बघितलं, त्याचा अर्थ त्यांना बरोबर कळला. स्वयंपाकघरात ताईची भांडी वाजत होती, तिकडे बघून ते म्हणाले, "तिका सांगा नको. ती भियात."

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून आम्हा दोघांनाही स्पष्ट सांगितलं. रक्तातल्या साखरेने डोळे आतून बिघडलेत. डोळ्यांत सुया घ्यायच्या, उरलेली नजर सांभाळायची; गेलेली परत यायची नाही. जगातल्या सगळ्या वस्तूंना भिणाऱ्या या माणसाने चहातल्या साखरेची तेवढी कधी धास्ती घेतली नव्हती. मला वाटलं, सुई म्हटल्यावर ते दवाखान्यातून पळ काढतील. पण ते शांतपणे बाहेर आले आणि माझ्या स्कूटरजवळ थांबले.

"सुयो घेऊन झाल्यार अक्षरां परत बारीक करशीत मां?" त्यांनी विचारलं.

"करतलंय," मी म्हटलं.

डॉक्टरांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. पण माझ्या या उत्तरावर त्यांनी एकसुद्धा शंका काढली नाही.