झाकणवाल्या नॉर्माचं दुकान

नॉर्मा हेल्मिक ओट्याशी उभी राहून काचेचं झाकण जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. नवरा डेल कॉर्नफ्लेक्सवर दूध ओतत होता. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. शेजारची फ्रीडा होती, अंगातला गाऊनही न बदलता आलेली.

"मोबाइल कधीपासून विकायला लागलीस गं?"

"मी? मला माझा स्वतःचा धड वापरता येत नाही."

"मग तुझ्या दुकानात ते फोन कसले? तेही निम्म्या किमतीत. जावई घ्यायला निघालेत. म्हटलं, आधी तुला विचारावं."

नॉर्माचं दुकान इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारात. ओहायोतल्या त्या गावात पूर्वी काचेचे कारखाने होते. भांडी अजून घरोघर टिकून आहेत, फुटतात ती झाकणं. लोक अंगणात विकायला मांडतात त्या जुन्या सामानातून नॉर्मा नुसती झाकणं हुडकून आणी. 'आईच्या भांड्याला झाकण मिळालं' असं कुणी कळवलं, की दिवसभर गुणगुणत राही. गिऱ्हाइकाला चटकन उत्तर देणाऱ्या दुकानाला तिथे तारा मिळतो. तिचा तारा वर्षानुवर्षं टिकला होता. त्यापायी ती चर्चमध्येसुद्धा पर्समध्ये हात घालून उत्तरं देई.

तीच सवय नडली. काल बटाटे उकळत असताना मेल आला होता. गिऱ्हाइकाची तक्रार आहे, ताबडतोब उत्तर द्या, नाहीतर तारा जाईल. एका हातात झारा, दुसऱ्या हाताने तिने खालचं बटण दाबलं आणि पासवर्ड घातला. पाठवणारा कोण, हे बघितलंच नाही.

आता दुकानाचं खातं उघडायला तो पासवर्ड चालेना; कुणीतरी तो बदलला होता. तिने पुन्हा घातला. उठली, स्वच्छ ओटा पुसला, परत येऊन बसली.

"ओटा झिजेल गं," डेल म्हणाला.

"माझं नाव बघून लोक पैसे भरतायत, डेल."

नॉर्माने मेलमधला नंबर लावायला फोन उचलला, तो फ्रीडाने धरला. "त्या मेलमधल्या नंबरावर नको करूस. बाजाराची साइट आपण स्वतः उघडू, मदतीचा नंबर तिथलाच घेऊ."

फोन लागला, पण नुसतं संगीत वाजत राहिलं. तो कानाला लावून नॉर्मा खिडकीपासून फ्रिजपर्यंत फेऱ्या मारत राहिली. फ्रीडाने टॅबवर नॉर्माचं दुकान उघडलं होतं; तिथे आणखी एक मोबाइल विकला गेला. मग आणखी एक.

अखेर एक माणूस बोलला. त्याने ओळख पटवायला काही प्रश्न विचारले आणि म्हणाला, "खातं तुम्हाला परत मिळेल, पण तपासाला वेळ लागेल. तोवर दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाइकांना उत्तरं जाणार नाहीत आणि तारा जाईल, मॅडम. चालू ठेवूनच तपास करायचा का?"

नॉर्मा फ्रिजला टेकून उभी राहिली. डेलने चमचा खाली ठेवला.

"तारा जाऊ दे," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता माझं दुकान बंद करा."