दहा नंबरचं दार

आमच्या जावातल्या गावात कॅमेरा बसवायचा तर पाक सरमिननेच; पाक म्हणजे आमच्याकडे काका. आधी त्याचं इंटरनेटचं दुकान होतं. ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आले आणि दुकान बसलं. मग तो कॅमेरे लावत फिरू लागला. गावातल्या निम्म्या बायका तैवानला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचं करायला गेलेल्या, आणि स्वतःचे म्हातारे इथे. त्याच्या हातात कसब होतं, पण माणूस भारी घाईचा.

शेजारच्या म्बाहकडे, म्हणजे पोनिराह आजीकडे, त्यानेच कॅमेरा लावला. म्हातारी अंथरुणाला खिळलेली आणि ठार बहिरी. तिचं मी करायचे. माझा फोन साधा, नुसता बोलण्यापुरता. तिची मुलगी लास्मिनी तैवानात. करार संपायला चार महिने होते आणि तोवर आई टिकेल याची खात्री नव्हती. आईला रोज डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची इच्छा.

पहिल्या दिवशी आई दिसली. दुसऱ्या दिवशी ढग गडगडले आणि सगळेच करतात तशी मी राऊटरची वायर उपटली. पाऊस थांबल्यावर लावली. तेव्हापासून तैवानात अंधार.

सरमिन आला, म्हातारीच्या घरातल्याच वायफायवर मोबाईल जोडला, चित्र दिसलं. "बघ वार्ती, म्हातारीच्या नाकावरची माशीसुद्धा दिसते! लास्मिनीचाच मोबाईल भंगार असेल." मलाही पटलं.

ह्यातून लास्मिनी बघते, असं मी म्हातारीला खुणांनी सांगितलं होतं. दिसत नाही हे कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून सांगितलंच नाही. ती रोज केस विंचरून घ्यायची आणि कॅमेऱ्याशी बोलायची.

आठवड्याने लास्मिनी फोनवर रडली, तेव्हा मी सरमिनला धरून आणला. तो राऊटरशी खटपट करत असताना म्हातारी कॅमेऱ्याला म्हणाली, "मीच तुला तिकडे धाडलं, म्हणून रागावलीस का ग? इतके दिवस बोलतेय, तुझा एक शब्द नाही."

सरमिनचे हात थांबले. मग मोबाईलचं वायफाय बंद करून, बाहेरून दिसतं का बघायला तो रस्त्यावर गेला. तिथून काहीच दिसेना. परत आला तो कपाळावर हात मारतच.

"राऊटरला मी सांगून ठेवलेलं, बाहेरून कोणी आलं तर दहा नंबरच्या दारात पाठव. तू वायर काढून लावलीस आणि त्याने कॅमेऱ्याला चौदा नंबर दिला. पोरगी आठवडाभर रिकाम्या दारावर थापा मारतेय, वार्ती. नंबर कायमचा बांधायला हवा होता. दोन मिनिटांचं काम ग."

ते त्याने केलं. तोवर म्बाह थकून झोपली होती. लास्मिनीला दिसली ती झोपलेलीच, आणि त्या झोपेतून ती उठली नाही.

आता सरमिन कुठेही कॅमेरा लावला, की घरच्यांना वायर उपटून पुन्हा लावायला सांगतो आणि स्वतः रस्त्यावर उभा राहून बघतो. लोक वैतागतात. तो ऐकत नाही.

लेबारानला, म्हणजे ईदला, लास्मिनी परतलेली होती. त्या दिवशी सगळेच एकमेकांची माफी मागतात, पण सरमिन तिच्यापुढे खरोखर रडला.

"असू दे, पाक," ती म्हणाली. "तुम्ही तिथे होता ना? आई माझ्याशी काय बोलायची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"जेवलीस का, विचारायची."

लास्मिनीने डोळे पुसले. मग मला म्हणाली, "शेवटी जवळ नव्हते मी. रागावली नव्हती ना ग ती माझ्यावर?"

"नाही ग," मी म्हटलं. एवढं मात्र खरं होतं.